नगरपालिकेतले जोतीराव

क्रांतिबा जोतीराव फुले म्हटले की भिडे वाड्यातली मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, गुलामगिरी आणि शेतकऱ्याचा असूड एवढे आपल्या सर्वांना तोंडपाठ असते. ११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला आपण व्याख्याने ठेवतो, त्यात हेच येते आणि ते यायलाच हवे. परंतु त्यांच्या आयुष्यातली सहा-सात वर्षे अशी आहेत की आमचे वक्ते ती एका वाक्यात उरकून पुढे जातात. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. रस्ते, गटारे, जकात, दारूची दुकाने, मानपत्रे, बाजार असले रोजचे विषय जिथे निघत त्या सभागृहात हा माणूस बसत होता आणि मत देत होता. महापालिकेच्या निवडणुका लागल्या की आमच्या वस्त्यांत तिकिटासाठी जी धावपळ सुरू होते ती पाहिल्यावर, या वर्षांची उजळणी बहुजन समाजाने एकदा तरी करावी असे आम्हांस वाटते.

आधी थोडा मागचा धागा. जोतीरावांचा जन्म १८२७ चा, पुण्यातल्या माळी कुटुंबातला. पेशवाई बुडून तेव्हा नऊच वर्षे झाली होती. राज्य गेले तरी पेशवाईची शिवाशिव पुण्याच्या गल्लीबोळांत तशीच होती. स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, १८४८ साली मुलींची शाळा काढली, सावित्रीमाईंना शिकवून शिक्षिका केले, मग अस्पृश्य मुलामुलींसाठी शाळा काढल्या, आणि या सगळ्यापायी वडिलांच्या घरातून दोघांनाही बाहेर पडावे लागले. १८५२ साली सरकारने त्यांचा जाहीर सत्कार केला. हा इतिहास आपल्या लेकरांनाही ठाऊक आहे, म्हणून आम्ही त्यावर थांबत नाही.

थांबायचे ते १८६८ सालापाशी. त्या वर्षी जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. जुन्या पुण्यात पाणी हौदांतून मिळे. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ काढून शहरात हौद बांधले, ते वाडे आणि पेठा बघून. पाणी जमिनीखालून सगळ्या शहरातून वाहत होते, पण ज्याच्या स्पर्शाने विटाळ होतो त्याने हौदाला हात लावायचा नाही, कोणी ओंजळीत ओतेल तेव्हा प्यायचे. अशा गावात एका माळ्याने आपला हौद मोकळा केला. नगरपालिकेत जाण्यापूर्वी आठ वर्षे जोतीरावांनी हे खासगीत करून दाखवले होते. हौद घरचा होता, ठराव लागला नाही, सूचक-अनुमोदक लागला नाही. सार्वजनिक पाण्याच्या बाबतीत मात्र ठराव लागतो आणि तो अमलात आणणारा माणूसही लागतो. पुढे महाडला काय झाले ते सांगणार आहोतच.

दुसरी गोष्ट, जोतीराव नुसते समाजसुधारक नव्हते, ते व्यापारी आणि कंत्राटदारही होते. हे सांगताना आमचे काही वक्ते संकोचतात. संकोचायचे कारण नाही. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला, येरवड्याच्या पुलाच्या कामाला त्यांनी माल पुरवला, मांजरीला शेती केली. शाळा चालवायला पैसा लागतो आणि तो कष्टाच्या धंद्यातून आला तर मिंधेपण येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. या धंद्यातून त्यांना सरकारी बांधकाम खाते आतून दिसले. मजुराची हजेरी कशी लावली जाते, बिलावर कोणाचा हात फिरतो, अडाणी मजुराच्या अंगठ्याचा उपयोग कसा होतो, हे त्यांनी पाहिले आणि पुढे आपल्या लिखाणात इंजिनेर खात्यातल्या लबाडीचे वाभाडे काढले. तेव्हा १८७६ साली नगरपालिकेत जो माणूस गेला तो खर्चाचा कागद वाचू शकणारा माणूस होता. आमच्या मते हा गुण भाषण करता येण्यापेक्षा मोठा आहे.

त्या काळची नगरपालिका कशी होती हेही समजून घेतले पाहिजे. तेव्हा मतदान नव्हते. सभासद सरकार नेमत असे. काही गोरे अधिकारी, काही सरदार-सावकार, काही पेन्शनर, वकील आणि व्यापारी. बहुतेक नेटिव सभासद उच्चवर्णीय. सभासदाला म्युनिसिपल कमिशनर म्हणत. आज आयुक्त म्हणजे आयएएस अधिकारी, तेव्हा कमिशनर म्हणजे नगरसेवक, हा घोळ जुनी कागदपत्रे वाचताना अनेकांचा होतो. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनाखाली जोतीरावांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे आणि पत्ता जुन्या गंज पेठेचा. पुढे त्या पेठेलाच त्यांचे नाव मिळाले. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्या निवेदनातली मागणी ज्याने केली तो त्या वेळी नगरपालिकेत बसणारा माणूस होता. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढच्या गोष्टी उलगडतात.

ते नगरपालिकेत गेले तेच मुळी दुष्काळाच्या तोंडावर. १८७६-७७ चा दुष्काळ दख्खनला खाऊन गेला. खेड्यांतून माणसे पुण्याच्या रस्त्यावर आली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला बालाश्रम उघडला, उपाशी मुलांना भाकरी दिली, जोतीरावांनी मदतीची जाहीर विनंती काढली, सावित्रीमाई जुन्नर भागात फिरल्या. आणि नेमक्या याच दुष्काळात १ जानेवारी १८७७ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने दिल्लीला दरबार भरवून राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले. पुढच्याच वर्षी याच लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला.

हा लिटन पुण्यास येणार असे ठरले तेव्हा शहराने त्याचे स्वागत करावे, मानपत्र द्यावे, त्यासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. एक हजार ही त्या काळी मोठी रक्कम होती. सभेत ३२ सभासद. त्यांत पुढे देशभक्त म्हणून मिरवलेल्या घराण्यांचीही माणसे होती, इंग्रजी राज्यावर खासगीत बोटे मोडणारीही होती. सगळ्यांनी मान डोलावली. विरोधात एकच मत पडले, ते जोतीरावांचे. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

जोतीरावांना इंग्रजधार्जिणे म्हणणाऱ्या मंडळींनी या एका मताचा हिशोब द्यावा. ज्या सरकारने नेमले, त्या सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताविरुद्ध, त्याच सरकारचे अधिकारी समोर बसलेले असताना हे मत दिले गेले. त्यांना निवडून देणारा मतदार नव्हता, पाठीशी पक्ष नव्हता. सरकारी बांधकामांशी संबंध असलेला धंदा मात्र होता, म्हणजे गमावण्यासारखे बरेच होते.

इथे आम्ही वकिलीच्या धंद्यातले असल्यामुळे एक गोष्ट मनात येते ती सांगून टाकतो. महाराष्ट्रात स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा, १९८६ लागू आहे. पक्षाने किंवा आघाडीने व्हिप काढला आणि नगरसेवकाने त्याविरुद्ध मत दिले, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. घोडेबाजार थांबावा म्हणून हा कायदा आला आणि तो हेतू चांगलाच आहे. परंतु राखीव जागेवरून निवडून गेलेला आमचा माणूस कोणत्याही मोठ्या पक्षाच्या चिन्हावर उभा असेल, तर जोतीरावांसारखे एकटे मत द्यायची वेळ आल्यावर त्याचे हात कुठे बांधलेले आहेत, हे तिकीट मागण्यापूर्वीच समाजाने त्याला विचारायला हवे. सरकारनियुक्त जोतीराव ३२ जणांत एकटे पडू शकले. लोकनियुक्त नगरसेवकाला एकटे पडण्याची मोकळीक किती, हा प्रश्न पुणे कराराच्या वेळी बाबासाहेबांनी राखीव जागांविषयी जी भीती धरली होती तिच्या जवळचाच आहे.

दारूचे प्रकरण १८८० सालचे. पूर्वी शहराच्या कडेला एखाद-दुसरे दुकान असे, ते आता पेठांच्या मध्यावर, वस्तीला खेटून येऊ लागले होते. सरकारला अबकारीतून उत्पन्न हवे होते; १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात तो कारभार आणखी पक्का झाला होता. जोतीरावांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे काम पाहणाऱ्या प्लंकेट साहेबांना पत्र लिहिले. त्यांचा युक्तिवाद वकिलाला शोभेल असा होता. नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करते, त्यासाठी इतर धंद्यांवर कर बसवते, मग आरोग्याचा आणि संसाराचा नाश करणाऱ्या या दुकानांना मोकळे का सोडता? त्यांच्यावर कर बसवा. कीर्तनकार दारूविरुद्ध प्रवचन देई. जोतीरावांनी दारू हा पालिकेच्या जमाखर्चाचा आणि हद्दीचा प्रश्न केला. ज्या वस्तीत संध्याकाळी मजुरी हातात पडते त्याच वस्तीच्या तोंडाशी गुत्ता कसा येतो, याचे उत्तर परवाना देणाऱ्या टेबलावर असते हे त्यांना माहीत होते.

मंडईचा विषय त्याहून मोठा. पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भाजीबाजार भरे. नगरपालिकेने मोठी देखणी इमारत बांधून तिथे बाजार हलवायचे ठरवले. लाखो रुपयांचे काम. जोतीरावांचा याला विरोध होता, त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकरही त्यांच्याबरोबर होते. आता कोणी म्हणेल, बाजाराला छप्पर नको म्हणणारा हा कसला सुधारक? पण विरोध छपराला नव्हता. शहरातल्या शूद्रातिशूद्रांच्या मुलांना शाळा नाही, त्यांच्या वस्तीत सोयी नाहीत, आणि तिजोरी रिकामी होणार ती साहेबाला दाखवण्याजोग्या इमारतीवर, हे त्यांना मान्य नव्हते. शिवाय भाजी पिकवणे आणि विकणे हा ज्यांच्या जातीचा धंदा, त्या माळ्यालाच मंडईतल्या गाळ्याचे भाडे भरावे लागणार हेही होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. १८८६ साली इमारत उभी राहिली, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते उघडली, आणि तिचे नाव रे मार्केट ठेवले गेले.

जकातीचे तेच. पुणे नगरपालिकेचे मुख्य उत्पन्न जकातीचे होते आणि जकात म्हणजे शेवटी शहरात माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या गाडीवरचा हात. नगरपालिकेतून बाहेर पडल्यावर वर्षभरात, १८८३ साली, त्यांनी शेतकऱ्याचा असूड पुरा केला. शेतकरी भाजीपाल्याची गाडी घेऊन शहराकडे निघतो, वाटेत टोल, नाक्यावर जकात, बाजारात दलाल, आणि संध्याकाळी परतताना हातात काय उरते, हे त्या ग्रंथात ज्या बारकाईने येते ते वाचून आम्हांस नेहमी वाटते की हे लिहिणाऱ्याने नाक्याची दोन्ही बाजूंनी पाहणी केली आहे. एकदा गाडीवर बसून आणि एकदा जकातीचा आकडा मंजूर होणाऱ्या सभागृहात बसून.

जोतीरावांनी १८७३ साली गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या सज्जन लोकांनी काळ्या माणसांना दास्यातून सोडवले त्यांना अर्पण केला. त्या अमेरिकेतच गुलामी गेल्यावर विषमता कुठे लपली ते पाहण्यासारखे आहे. ती नगरपालिकांच्या नियमांत लपली. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात बसमध्ये काळ्याने कुठे बसावे हे शहराच्या कायद्यात लिहिलेले होते. डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स यांना अटक झाली, काळ्या समाजाने ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, आणि १३ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बरोबर तिसाव्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने बसमधली ती विभागणी घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. मग त्याच शहरात उद्यानांचा खटला झाला. उद्याने सर्वांना खुली करा अशी मागणी न्यायालयात गेल्यावर १९५९ साली शहराच्या कारभाऱ्यांनी उद्यानेच बंद करून टाकली. काळ्यांना द्यावे लागू नये म्हणून गोऱ्यांनीही सोडले.

आपल्याला हे ओळखीचे वाटते, कारण महाडच्या नगरपालिकेने हेच केले होते. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ ला चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ ला बाबासाहेब त्या तळ्यात उतरले, तेव्हा ते नगरपालिकेच्याच ठरावाची अंमलबजावणी करत होते. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला! बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी. मग मनुस्मृती जाळली गेली, दावा चालला, आणि १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने तळे सार्वजनिक असल्याचा निकाल कायम केला. जोतीरावांचा हौद १८६८ चा, हा निकाल १९३७ चा. मधली ६९ वर्षे कोणत्या सभागृहांत गेली याचा अभ्यास आमच्या तरुण वकिलांनी करावा.

नवी मुंबईचे उदाहरण द्यायचे तर आमच्या महापालिकेच्या मालकीचे मोरबे धरण आहे, आणि हे वैभव फार थोड्या शहरांना लाभले आहे. त्याच शहरात दिघा, इलठणपाडा, चिंचपाडा, तुर्भे स्टोअर्स अशा कष्टकऱ्यांच्या वस्त्याही आहेत. कोणत्या वस्तीत पाणी किती वेळ येते हे धरणात किती पाणी आहे यावर ठरत नाही, विषयपत्रिकेवर काय येते यावर ठरते. ऐरोलीत महापालिकेने बाबासाहेबांचे भव्य स्मारक उभारले त्याचा आम्हांस अभिमान आहे, तिथल्या ग्रंथालयाचा अधिक आहे. परंतु २०२० च्या मे महिन्यात लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ इथला कारभार प्रशासकाने हाकला. महासभा नाही, आयत्या वेळचा विषय नाही, विरोधी मत नोंदवायला इतिवृत्तच नाही. इतर महापालिकांचीही तीच गत. या खोळंब्याच्या मुळाशी करोना होता, प्रभागरचनेचे वाद होते, आणि मुख्यतः ओबीसी आरक्षणाचा खटला होता. ४ मार्च २०२१ ला विकास गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी कसोटी पुरी केल्याशिवाय हे आरक्षण चालणार नाही असे सांगितले. ६ मे २०२५ ला निवडणुका घ्या असा आदेश आला. माळी, साळी, तेली, आगरी, कोळी यांनी स्थानिक सभागृहात बसावे की नाही यावर चार-पाच वर्षे गेली. पुण्यात सरकारी नेमणुकीने एक माळी बसला होता त्याला तेव्हा जवळजवळ दीडशे वर्षे होत आली होती.

जोतीरावांची शेवटची वर्षे ओढगस्तीची गेली. ११ मे १८८८ ला मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली, त्याच वर्षी पक्षाघाताने उजवे अंग गेले. डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुरा केला. १८८७ साली नोंदवलेले त्यांचे मृत्युपत्र आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. ब्राह्मण विधवेच्या पोटच्या यशवंताला दत्तक घेऊन त्याचा हक्क त्यांनी कायद्याने बळकट केला. आपला देह मिठात पुरावा ही त्यांची इच्छा होती, घरामागे खड्डाही तयार होता. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले तेव्हा भर वस्तीत दफन करण्यास परवानगी मिळाली नाही. दहन करावे लागले. भाऊबंदांनी दत्तक मुलाच्या हक्कावर वाद घातला, तेव्हा सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि त्या प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या.

त्यांच्या मृत्यूनंतरही नगरपालिकेने त्यांना सुखाने राहू दिले नाही. १९२५ साली केशवराव जेधे यांनी पुणे नगरपालिकेत जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव आणला आणि सनातन्यांनी जोतीरावांची यथेच्छ निंदा केली. त्या संतापातून दिनकरराव जवळकर यांनी देशाचे दुश्मन हे पुस्तक लिहिले, खटला झाला, जवळकर-जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शिक्षा झाली. १९२६ साली अपिलात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर, आणि सर्वजण निर्दोष सुटले. ज्यांना पुढे बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्या बरोबरीने गुरू मानले, त्यांच्या नावाची लढाई अशी पुण्याच्या न्यायालयात लढली गेली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटचे नाव बदलले. ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला होता तिला आज महात्मा फुले मंडई म्हणतात.